फ्लाय आधी बांधा, मग रॉड घ्या

ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसं-दोऱ्याने बांधलेल्या नकली आमिषाने (फ्लायने) मासेमारी, सुरू करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा रॉड विकत आणतात. मी आधी फ्लाय बांधायला शिकले आणि रॉड मागाहून घेतला. जानेवारीच्या थंडीत न्यू जर्सीच्या नद्यांवर नवशिक्याने जाण्यात अर्थ नसतो, आणि ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या स्थानिक शाखांचे फ्लाय बांधण्याचे वर्ग नेमके हिवाळ्यात भरतात. आमच्या गावच्या वाचनालयात असा एक वर्ग होता, तिथे जाऊन बसले. एप्रिल उजाडला तेव्हा घरात रॉड नव्हता. पण डबीत माझ्या हातच्या फ्लाय होत्या, आणि कुठली फ्लाय कुठल्या पाण्यात चालते याचा अंदाज आलेला होता. दुकानात गेले ते नेमकं काय हवंय ते ठरवूनच. आता कुणी विचारलं तर मी हाच क्रम सांगते, आणि आग्रहाने सांगते.

मासे धरणं मला नवं नव्हतं. माझं आजोळ मालवणचं. मे महिन्याच्या सुट्टीत मामाबरोबर कोळंबच्या खाडीकाठी गरी टाकून बसायचं, हा ठरलेला उद्योग. तिथे गळाला सुंगट (कोळंबी) लावायचं, वर शिशाचं वजन बांधायचं. वजन भिरकावलं की दोरी मागून जाते. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. पिसाचे चार तंतू आणि दोरा, कितीही जोर लावून फेकलं तरी पायाशीच पडणार. म्हणून इथे वजन दोरीत घातलेलं असतं. प्लॅस्टिकचं आवरण असलेली जाडसर लाइन हवेत मागे आणि पुढे उलगडायची, आणि तिच्या टोकाला फ्लाय सोबत जाते. रॉड, लाइन आणि लीडर (लाइनच्या पुढचा बारीक दोरा) यांच्यावरचे सगळे आकडे या एका गोष्टीतून निघतात. वर्ग घेणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी हे पहिल्याच संध्याकाळी फळ्यावर काढून दाखवलं.

त्यानंतर त्यांनी बराच वेळ ट्राउट खातो काय यावर घेतला, आणि मला हा भाग सगळ्यांत जास्त आवडला. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली चालतं. मेफ्लाय नावाचा कीटक साधारण वर्षभर नदीच्या तळाशी दगडांना धरून निम्फ, म्हणजे पंख न फुटलेलं पिल्लू, म्हणून जगतो. मग एखाद्या दुपारी वर येतो, पृष्ठभागावर कात टाकतो, पंख सुकेपर्यंत तरंगत राहतो आणि उडतो. काठच्या झाडावर बसून तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा दुसरा कीटक जगात नाही. पंख आलेल्या मेफ्लायला खाता येईल असं तोंडच नसतं. मीलन, अंडी, आणि एक-दोन दिवसांत आयुष्य संपतं. कॅडिस या दुसऱ्या कीटकाची तऱ्हा वेगळी. तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या वाळूचे कण, काड्या, पानांचे तुकडे स्वतःच्या रेशमाने जोडून अंगाभोवती नळी बांधतात आणि ती ओढत हिंडतात. यातल्या प्रत्येक अवस्थेत ट्राउट त्यांना खातो. आपण बांधतो ती फ्लाय यांपैकी एका अवस्थेची नक्कल असते, आणि ती तळाशी न्यायची, मधल्या पाण्यात न्यायची की वर तरंगत ठेवायची, हे त्यावर ठरतं.

वर्गात आम्ही तीनच फ्लाय बांधल्या. पहिली वूली बगर, १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगने काढलेली. जळवा, छोटे मासे असं काहीही वाटावं अशी, आणि गळ मोठा असल्याने नवख्या बोटांना सोपी. दुसरी फेझंट टेल निम्फ, फेझंट या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची. तिसरी एल्क हेअर कॅडिस, अ‍ॅल ट्रॉथची, १९५७ सालची. एल्क हरणाचे केस पोकळ असल्याने ती बुडत नाही. या तिघींवर वर्षभर ट्राउट धरता येतो असं शिक्षक म्हणाले होते, आणि माझाही अनुभव तसाच आहे. नवशिक्यांनी तयार किट घेऊ नये असं मला वाटतं. त्यातला व्हाइस (गळ पकडून ठेवणारा शिकंजा) गळ नीट धरत नाही आणि रंगीबेरंगी पिसं नुसती पडून राहतात. त्यापेक्षा जबडा घट्ट असलेला एक व्हाइस, सिरॅमिक तोंडाचा बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं साधन), टोकाला धार असलेली लहान कात्री आणि तीन फ्लायपुरतं सामान घ्यावं. बॉबिनचं तोंड साध्या धातूचं आणि खडबडीत असेल तर बारीक दोरा कापला जातो.

फेझंट टेल मूळची इंग्लंडच्या फ्रँक सॉयरची. विल्टशरमधल्या एव्हन नदीची देखभाल हे त्याचं काम होतं, त्यामुळे पाण्यातल्या निम्फ तो रोज बघत असे. त्याने दोरा वापरलाच नाही. बारीक तांब्याची तार हाच दोरा आणि तेच वजन. आम्ही शिकलो ती ट्रॉथने बदललेली अमेरिकन पद्धत, दोरा आणि तार दोन्ही वापरून. १६ नंबरचा गळ व्हाइसमध्ये धरायचा. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. हा करंगळीच्या नखाएवढा भरतो. दोऱ्याचे वेढे घेत मागे यायचं. नर फेझंटच्या शेपटीतल्या पिसाचे चार-पाच तंतू एकत्र चिमटीत धरून त्यांची टोकं मागे शेपटीसाठी सोडायची, तिथेच तार अडकवायची. मग ते तंतू पुढच्या दिशेने गुंडाळायचे आणि तार उलट्या दिशेने वर न्यायची. हे उलटं का, ते पहिल्या माशानंतर कळतं. ट्राउटचे दात बारीक असतात आणि पिसाचा तंतू लगेच तुटतो; तार त्याला आडवी गेलेली असली तर एक तुटूनही बाकीचं शरीर सुटत नाही. पुढे छातीच्या जागी मोरपिसाचे दोन-तीन तंतू दोऱ्याबरोबर पीळ देऊन गुंडाळायचे, उरलेली टोकं दोन बाजूंना पाय म्हणून वळवायची आणि गाठ मारायची. या सगळ्यात शिक्षक एकच गोष्ट टेबलाटेबलावर फिरून सांगत होते: गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरा ओवायच्या भोकामागे, जागा सोड. तिथे सामान दाटलं की गाठ बसत नाही, आणि नदीवर थंड बोटांनी टिपेट (लीडरचं बारीक टोक) ओवता येत नाही.

मोरपिसाचा तो तंतू पाण्यात भिजला की हिरवा आणि तांबूस असा दोन्ही चमकतो. कृत्रिम सामानात त्याच्या तोडीचं मी अजून पाहिलेलं नाही. पण गावाहून परतताना मोरपिसं बॅगेत टाकून आणू नयेत. भारतातून ती बाहेर न्यायला बंदी आहे. इथे दुकानात मिळतात ती पाळलेल्या मोरांची. इथल्या रस्त्यावर सापडलेलं ब्लू जेचं किंवा रॉबिनचं पीससुद्धा घरात ठेवता येत नाही, १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने तो गुन्हा आहे. फेझंट आणि टर्की त्या कायद्यात येत नाहीत, म्हणून शिकार करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून त्यांची पिसं खुशाल घ्यावीत.

आणि आपला रानकोंबडा. सह्याद्रीत पहाटे आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणचट, पांढरे-पिवळे चकते असतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून ब्रिटनमध्ये सॅमनसाठी ज्या भपकेबाज फ्लाय बांधल्या जात, त्यांत ही पिसं हमखास असत. आजही हौशी लोक ती वापरतात, मात्र परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. एका जुन्या फ्लायमध्ये ती पिसं बघून मी रात्री मामाला फोन लावला. तो आधी विश्वासच ठेवेना. "आमच्या रानातल्या कोंब्याची पिसां थंय खंय पोचली गो बाय!" म्हणाला, आणि मग लगेच, "पण पिसाक मासो भुलता?" त्याला मेफ्लाय समजावून सांगता सांगता माझं मलाच ते जास्त स्पष्ट झालं. साध्या भारतीय कोंबड्यांच्या मानेची कातडीही इथे वर्षानुवर्षं 'इंडियन केप' म्हणून विकली जाते. तरंगणाऱ्या फ्लायसाठी आता लोक खास पैदाशीच्या कोंबड्यांची ताठ, लांब पिसं घेतात. ओल्या, म्हणजे पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायसाठी आपली मऊ पिसं अजून चांगली.

आता रॉड. ९ फुटी, ५ वेटचा, चार तुकड्यांत सुटा होणारा रॉड घ्यावा. यावर फार विचार करण्याची गरज नाही. ५ वेट म्हणजे ज्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतात, ती लाइन पेलणारा रॉड. रॉड आणि लाइन यांचा आकडा जुळला की काम झालं. रीळ ट्राउटसाठी दोरी गुंडाळून ठेवण्यापुरतंच लागतं, तिथे पैसे वाचवावेत आणि ते लाइनमध्ये घालावेत. चांगली लाइन आणि साधा रॉड हे चांगला रॉड आणि साध्या लाइनपेक्षा कधीही बरं. खोक्यावर डब्ल्यूएफ५एफ लिहिलेलं असतं: पुढच्या भागात वजन, ५ नंबर, तरंगणारी. तिच्या पुढे ९ फुटी निमुळता लीडर, ५एक्स. ५एक्स म्हणजे टोकाशी ०.१५ मिलिमीटर जाडी. एक्सचा आकडा गळाच्या आकड्याच्या साधारण एक तृतीयांश ठेवावा, म्हणजे १६ नंबरच्या फ्लायला ५एक्स शोभतं. गाठ ओढण्यापूर्वी थुंकी लावून ओली करायची. कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन तापून कमजोर होतं.

पोलराइज्ड चष्मा मात्र रॉडबरोबरच घ्यावा. त्याच्याशिवाय पाण्यावरची चकाकी हटत नाही आणि तळ दिसत नाही. शिवाय मागून येणाऱ्या गळापासून डोळे वाचतात. छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उतरायचे जलरोधक कपडे) घेतले तर कमरेचा पट्टा कधीही सोडू नये. पाय घसरला तर वेडरमध्ये भसकन पाणी शिरू न देणारा तोच असतो. बुटांचे तळवे रबरी घ्यावेत. फेल्टचे (नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाचे) तळवे शेवाळलेल्या दगडावर चांगले धरतात हे खरं, पण ते ओले राहतात आणि एका नदीतली उपद्रवी शैवालं दुसरीत पोचवतात. मेरिलँड राज्याने २०११ पासून फेल्टवर बंदीच घातली आहे. बूट रबरी असले तरी एका नदीवरून दुसरीकडे जाण्याआधी ते घासून, पूर्ण वाळवून न्यावेत. नद्यांची थोडी काळजी आपण एवढ्याने घेऊ शकतो.

लाइन फेकायला शिकले ती शाळेच्या मैदानावर, फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून. नवीन माणूस हाताने जोर लावतो. इथे काम करायचं असतं ते रॉडने: रॉड वेगाने मागे न्यायचा आणि एकदम थांबवायचा, लाइन पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे आणायचा. मागे उलगडण्याची ती वाट बघणं सगळ्यांत कठीण. शिक्षकांनी मान वळवून मागे बघायला लावलं, आणि लाइन सरळ होताना डोळ्यांनी दिसू लागली तशी हाताला लय आली. नदीवर मागे झाडं असतात तेव्हा लागतो तो रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उलगडता पुढे फेकणं, त्यांनी त्याच दिवशी दाखवला. प्रत्यक्षात मला तोच जास्त उपयोगी पडतो. जवळ कुणी शिकवणारं नसेल तर एका धड्याचे पैसे जरूर द्यावेत. चुकीची सवय लागली की काढायला फार वेळ जातो.

न्यू जर्सीत १६ ते ६९ वर्षांच्या माणसाला मासेमारीचा परवाना लागतो, आणि ट्राउटसाठी त्यावर वेगळा स्टँप. नियम प्रत्येक टापूला निरनिराळे असतात, ते जाण्यापूर्वी वाचून घ्यावेत. मी सुरुवात केली केन लॉकवूड गॉर्जमध्ये. बड लेकमधून निघणारी रॅरिटन नदीची दक्षिण शाखा हाय ब्रिजच्या वरच्या अंगाला एका अरुंद दरीतून मोठमोठ्या दगडांवरून उतरते, तो हा टापू. वरून कोलंबिया ट्रेल नावाची पायवाट जाते, पूर्वी तिथे रेल्वे होती.

तिथे पहिला तासभर मी रॉड जोडलाच नाही. काठाजवळच्या उथळ पाण्यात दगड उलटून बघितले. एका चपट्या दगडाच्या पोटाला दोन जातींच्या निम्फ चिकटलेल्या होत्या. एक अगदी पसरट, तीन शेपट्यांची, बोट जवळ नेलं की खेकड्यासारखी तिरकी सरकणारी. दुसरी बारीक, गोलसर, तपकिरी. बाजूला वाळूच्या कणांची एक नळी होती, आणि तिच्या तोंडातून सहा इवलेसे पाय बाहेर येऊन दगड चाचपत होते. माझ्या डबीतली फेझंट टेल त्या तपकिरी निम्फेजवळ धरली. लांबी जुळत होती, रंग जुळत होता, फक्त माझी थोडी जाड होती. हिवाळाभर शिक्षक 'बारीक बांध, बारीक बांध' का म्हणत होते ते तिथे दिसलं. दगड होता तसा पालथा ठेवला आणि मग रॉड जोडला.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जायचं. तो जोरदार धारेत राहत नाही. जिथे वेगवान पाणी आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहतात, त्या शिवेवर थांबतो. ताकद कमी लागते आणि खाणं समोरून येतं. फ्लाय त्या शिवेच्या वरच्या अंगाला टाकायची आणि मोकळी वाहू द्यायची. लाइनला मधली धार ओढायला लागली की फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने पळते आणि ट्राउट तिच्याकडे ढुंकून बघत नाही. त्यासाठी लाइनचा मधला भाग उचलून वरच्या बाजूला ठेवायचा. ही करामत जमायला वेळ लागतो, आणि जमली की मासे लागतात. फेकण्याच्या अंतराचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. माझे बहुतेक मासे वीस-पंचवीस फुटांच्या आत लागलेले आहेत.

पहिला ट्राउट याच नदीत, एका मोठ्या दगडाखालच्या संथ पाण्यात लागला. वाहणारी लाइन क्षणभर थबकली, मी रॉड उचलला, आणि टोकाला काहीतरी जिवंत हललं. वीतभर लांबीचा ब्राउन ट्राउट होता. बाजूंवर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. पोट लोण्याच्या रंगाचं. हात आधी पाण्यात बुडवून ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला बुरशी धरते. गळाच्या टोकाचा उलटा काटा मी घरीच पक्कडीने दाबून ठेवला होता, त्यामुळे मासा पाण्यातच सहज सुटला. डोकं प्रवाहाकडे धरलं, आणि दोन श्वासांत तो निघून गेला. मालवणला धरलेला मासा सोडून देणं कुणाला पटणार नाही, आणि तिथलं ते योग्यच आहे; तिथे मासा हे जेवण आहे. इथल्या थंड पाण्याच्या नद्या लहान आहेत आणि माणसं फार. मी सोडते, आणि मला ते मनापासून पटतं. हा ब्राउन ट्राउट मूळचा इथला नव्हे, १८८३ मध्ये त्याची अंडी जर्मनीहून अमेरिकेत आली. इथला अस्सल तो ब्रुक ट्राउट, न्यू जर्सीचा राज्य मासा; तो आता डोंगरातल्या अगदी थंड ओहोळांतच उरला आहे.

पुढच्या वसंतात कॅटस्किलला गेले. न्यूयॉर्क राज्यातला हा डोंगराळ भाग म्हणजे अमेरिकेतल्या तरंगत्या फ्लायचं माहेरघर. थिओडोर गॉर्डनने इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्डला पत्र लिहिलं, १८९० मध्ये हॅलफर्डने त्याला फ्लायचे नमुने पाठवले, आणि गॉर्डनने ते इथल्या खळाळत्या पाण्याला आणि इथल्या कीटकांना जुळतील असे बदलले. गॉर्डन राहायचा ते नेव्हरसिंक गाव पुढे न्यूयॉर्क शहरासाठी बांधलेल्या धरणाखाली गेलं. लिव्हिंग्स्टन मॅनरच्या संग्रहालयात त्या परंपरेतल्या फ्लाय काचेआड मांडलेल्या आहेत. रॉस्कोच्या वॉल्ट आणि विनी डेटी या जोडप्याने बांधलेल्या फ्लायसमोर मी बराच वेळ उभी होते. सडपातळ शरीर, गळाच्या दांड्याएवढी शेपूट, डोळ्यामागे मोकळी जागा. आधी स्वतः बांधल्या नसत्या तर त्यात बघायचं काय हे मला कळलं नसतं. दुपारी विलोविमॉक नदीवर हेन्ड्रिक्सन जातीच्या मेफ्लाय निघाल्या, पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेल्यावर एप्रिलअखेरीस निघतात तशा, आणि सकाळभर रिकामी वाटणारी नदी माशांच्या उसळ्यांनी भरून गेली.

महाराष्ट्रातल्या नद्यांचं पाणी ट्राउटला फार गरम. पण हिमाचलमधली तीर्थन आणि काश्मीरमधली लिद्दर या खऱ्या ट्राउटच्या नद्या आहेत. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून ब्राउन ट्राउटची सुरुवात झाली. पुण्या-मुंबईहून तिकडे जाणाऱ्याने मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा, हिवाळ्यातला बंदीचा काळ पाळावा, आणि फ्लाय घरूनच बांधून न्याव्यात. फेझंट टेल तिथेही चालते, कारण मेफ्लाय तिथेही आहे.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. पाणी ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राउटच्या मागे लागू नये. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि दमलेला मासा सोडला तरी मरतो. दहा-बारा डॉलरचा थर्मामीटर जॅकेटला अडकवून ठेवावा आणि आधी पाणी मोजावं. जुलै-ऑगस्टमध्ये मी तोच रॉड घेऊन जवळच्या तळ्यावर ब्लूगिल या छोट्या माशांसाठी जाते. फोमची छोटी फ्लाय, २० फुटांचा कास्ट, आणि मासा लागतोच. नवशिक्याला हाताची लय बसवायला याहून चांगली जागा नाही, आणि मुलांना सोबत नेता येतं.